नाळेतलं रक्त आणि एक तहकूब विषय

थोरलीने आपणहून बैठक मागितली तेव्हा चेअरमनना आधी वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"कसली बैठक?"

"घरची. आपण घ्यायचो तशी. रविवारी अकरा वाजता," ती म्हणाली. "काकालाही बोलवा. विषय मी सांगेन."

एवढं बोलून ती टेबलाचा आधार घेत उठली, पोटावरचा पदर सारखा केला आणि नवऱ्याबरोबर चष्म्याचं दुकान उघडायला निघून गेली. दिवस भरत आले होते, पंधरा दिवस उरले होते, तरी ती दुकानात जायची सोडत नव्हती. लोकांचे डोळे तपासताना आपलं पोट मध्ये येतं, याचंच तिला हसू यायचं. चेअरमन मात्र त्या सकाळी हसले नाहीत. त्यांनी वर्तमानपत्राचं तेच पान तीनदा वाचलं आणि त्यात काय होतं ते बायकोने विचारल्यावर सांगता आलं नाही.

त्या घरात शेवटची बैठक होऊन एकतीस वर्षं झाली होती.

आता हे चेअरमन काही खरे चेअरमन नव्हेत. रंगाच्या कारखान्यात बावीस वर्षं ते कामगार संघटनेचे सेक्रेटरी होते. पण घरातला त्यांचा रुबाब बघून धाकट्या भावाने चिडवायला म्हणून चेअरमन म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं की पुढे बायकोही त्यांच्यामागे तेच म्हणायला लागली. कारखान्याच्या कँटीनमध्ये, टर्पेंटाइनच्या वासात, दोनशे माणसं हात वर करून निर्णय घेताना त्यांनी पाहिली होती. त्यांना त्याचं फार कौतुक. हुकूम सोडणारा बाप त्यांनी लहानपणी पुरेपूर भोगला होता, तेव्हा आपल्या घरात हुकूम चालणार नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. मग भिंतीला रंग कोणता, सुट्टीत कुठे जायचं, कुत्रा पाळायचा की नाही, सगळं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जेवणाच्या टेबलावर यायचं. पोरांचे हातही मोजले जायचे. कुत्र्याचा प्रस्ताव पडला तेव्हा धाकटा दोन दिवस रडला, पण भांडला नाही. चेअरमननी ही गोष्ट कारखान्यात चारचौघांना छाती फुगवून सांगितली होती.

नियम मोजकेच होते. अध्यक्षाने हात वर करायचा नाही, बरोबरी झाली तरच त्याचं मत. आणि तहकूब झालेला विषय पुढच्या बैठकीपर्यंत कुणी काढायचा नाही, नाहीतर येताजाता कटकट होते. मध्येच कुणी काही बोललं की चेअरमन बोट वर करून म्हणत, "बैठकीत." पोरं एकमेकांनाही तसंच म्हणायची.

शेवटच्या बैठकीत विषय धाकट्याचा होता. त्याला सगळे भोवरा म्हणत, कारण तो एका जागी उभा राहायचा तोही स्वतःभोवती फिरत. सहाव्या वर्षी त्याच्या अंगात रक्त तयार व्हायचं थांबलं. बहिणीच्या हाडातला मगज त्याला जुळत होता. ती दहा वर्षांची होती. डॉक्टर म्हणाले, तिला धोका जवळजवळ नाही, होकार द्या, लगेच तयारीला लागतो. आणि चेअरमन, ज्यांनी तिथेच हो म्हणायला हवं होतं, म्हणाले, "घरी विचारून सांगतो."

घरी त्यांनी हात मोजले. आईचा हात वर. काकाचा वर. आजीने मान हलवली, एक लेकरू पडलंय तेवढं पुरे, दुसऱ्याच्या हाडात सुया नकोत म्हणाली. थोरलीने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. दोन विरुद्ध दोन. सगळे चेअरमनकडे बघायला लागले. त्यांनी पोरीच्या पांढऱ्या पडलेल्या ओठांकडे पाहिलं, मग समोरच्या वहीकडे, आणि म्हणाले, "बरोबरी. विषय पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब."

पुढची बैठक अठ्ठावीस दिवसांनी होती. तेराव्या दिवशी भोवऱ्याला ताप भरला. सोळाव्या दिवशी तो गेला.

त्यानंतर त्या टेबलावर फक्त जेवणं झाली. त्या बैठकीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, आणि चेअरमनना हेच बरं वाटत गेलं. थोरलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मात्र ते चहाचा ट्रे घेऊन तिच्या खोलीपाशी गेले आणि दारातच थबकले. ती होणाऱ्या नवऱ्याला सांगत होती, "माझा हात वर गेला नाही म्हणून माझा भाऊ गेला. तुला हे आधी माहीत असावं." चेअरमन ट्रे घेऊन तसेच मागे फिरले. आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य त्यांनी चौदा वर्षं बोलू बोलू म्हणत टाळलं, आणि टाळणाऱ्या माणसाला निमित्तं काय कमी पडतात! लग्न होतं, मग दुकान नवं होतं, मग मूल होत नव्हतं म्हणून ती आधीच खचलेली होती.

रविवारी अकराला दहा कमी असतानाच काका आला. तो दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवायचा, त्यामुळे बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघायची त्याला खोड होती.

"वहिनी, चहा टाका. सभासदांना चहा मिळायचा पूर्वी," तो म्हणाला. "आणि दादा, वही कुठंय? इतिवृत्त कोण लिहिणार?"

"वही नाही," चेअरमन म्हणाले.

"वहीशिवाय बैठक? मग नुसत्या गप्पा म्हणा की."

"तू बस आधी."

टेबलावरचं मेणकापड आईने दोनदा पुसलं होतं. सहाव्या खुर्चीवर रद्दीचा गठ्ठा होता तो तिने उचलून जमिनीवर ठेवला, मग काय मनात आलं कोण जाणे, पुन्हा खुर्चीवर ठेवला. थोरली आणि जावई आले. जावयाच्या हातात एक चकचकीत फाइल होती, वर हसऱ्या बाळाचं चित्र. बाळाला दात नाहीत हे काकाने लगेच बघून घेतलं.

"विषय सांग," चेअरमन थोरलीला म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा बारीक आला.

"तूच सांग," तिने नवऱ्याला खुणावलं.

जावई मुळात शांत माणूस, गिऱ्हाइकाला फ्रेमसुद्धा अशी दाखवायचा की जणू त्याचीच माफी मागतोय. त्याने घसा खाकरला. "बाळ जन्मलं की नाळ कापतात ना, तर त्या नाळेत थोडं रक्त उरतं. एरवी ते टाकूनच देतात. पण त्यातल्या पेशींपासून नवं रक्त तयार होऊ शकतं. म्हणून काही कंपन्या ते पिशवीत घेऊन अतिशय थंड ठिकाणी वर्षानुवर्षं सांभाळून ठेवतात. पुढे बाळाला काही आजार झाला, तर हाताशी असतं."

"जादा सामानाचं गोदाम," काका म्हणाला.

"तसंच काहीसं. फक्त आधी नोंदणी करायला लागते. उद्या फॉर्म गेला तर रक्त घ्यायची त्यांची पेटी वेळेत येईल."

"आणि डॉक्टर काय म्हणतात?" चेअरमननी विचारलं.

जावयाने बायकोकडे पाहिलं. ती खिडकीकडे बघत होती. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठेवायचं तर ठेवा. पण स्वतःच्याच बाळाला ते लागेल अशी वेळ फार क्वचित येते. आणि काही आजारांत दोष त्या रक्तातच असतो, मग तेच परत देऊन उपयोग होत नाही. भावंडाला जास्त कामाला येऊ शकतं. पण आमचं आता दुसरं..." त्याने वाक्य सोडून दिलं. "त्यांनी दुसराही कागद दिलाय. हॉस्पिटलच्या रक्तपेढीला दान करायचं. मग ज्याला कुणाला जुळेल त्याला ते देतात. आपला त्यावर हक्क राहत नाही."

"मग झालं की! दान करा. कुणाच्या तरी कामी येईल," काका म्हणाला.

"भावजी, तुमच्या जिभेला काही हाड?" आई एकदम उसळली. तिचं आणि दिराचं एरवी चांगलं सूत होतं, दोघं मिळून चेअरमनची टर उडवायचे. "आपलं ते आधी आपल्या लेकराला नको? क्वचित म्हणजे काय? आपल्या घरात क्वचित झालंच होतं ना?"

काकाने कप बशीत ठेवला आणि कपाकडेच बघत राहिला.

"मला सगळं माहीत आहे, काका," थोरली म्हणाली. "डॉक्टरीणबाईंशी मी दोनदा बोलले. त्या बरोबर सांगतायत. तरीही मला ते ठेवायचंय. माझ्या मुलावर कधी कुणाच्या हाताकडे बघायची वेळ येऊ नये. एवढंच." ती थोडं थांबली. "आणि मला ते या टेबलावर ठरवून हवंय. सगळ्यांचे हात वर करून. मागच्या वेळी राहिले ते."

मागच्या वेळी राहिले ते, असं ती म्हणाली, आणि बोलताना तिने आपलाच हात टेबलाखाली घेतला. चेअरमननी ते पाहिलं. पोरगी पेटी मागत नव्हती, ती तिच्या माथी कुणी न लावलेल्या गुन्ह्याची भरपाई करत होती, आणि गुन्हा तिचा नव्हताच. पंधरा दिवसांत ती आई होणार होती. आज गप्प राहिलो तर ही ते ओझं घेऊनच बाळाला मांडीवर घेणार, आणि त्याला साधी सर्दी झाली तरी आधी स्वतःचा हात बघणार. आणि बोललो तर? तर ती पुन्हा या घरात पाऊल टाकेल की नाही, कुणास ठाऊक.

"घ्या ना मत, बाबा," जावई हळूच म्हणाला.

"प्रस्तावाच्या बाजूने..." चेअरमन म्हणाले. शब्द तोंडात तयारच होते, एकतीस वर्षांनीही. "हात वर करा."

आईचा हात सगळ्यात आधी गेला. जावयाने फाइल खाली ठेवून हात वर केला. काका जरा घुटमळला, मग "माझं काय जातंय," असं पुटपुटत त्यानेही केला. थोरलीचा हात वर आला तो सावकाश.

"चार," काका म्हणाला. "एकमताने मंजूर. वहिनी, अजून चहा."

"बाबांचा राहिला," थोरली म्हणाली.

"अध्यक्षाचा नसतो गं. बरोबरी झाली तरच," काका म्हणाला.

"माहीत आहे मला नियम. तरी आज मला त्यांचा हवाय."

चेअरमननी हात टेबलावरच ठेवला. वर करणं सोपं होतं. वर केला असता तर ती हसली असती, सगळ्यांनी चहा घेतला असता, बाळ झालं असतं. त्यांनी हाताकडे पाहिलं. रंगाने कधीच्या खराब झालेल्या नखांचा म्हातारा हात.

"तुझ्यामुळे नाही झालं ते," ते म्हणाले.

"काय?"

"भोवऱ्याचं. तुझा हात वर गेला नाही म्हणून नाही झालं. मतं दोन-दोन होती. तुझी आई आणि काका बाजूने, आजी आणि तू विरुद्ध. बरोबरी होती. मत माझं उरलं होतं. मी दिलं नाही. मी तहकूब म्हणालो. मला तुला सुया टोचलेल्या बघवल्या नसत्या आणि त्याला मरताना बघवणार नव्हतं, म्हणून मी दोन्हीतलं काहीच केलं नाही. आणि नियम आहे म्हणून सांगितलं."

वर गेलेले हात अजून वरच होते. जावयाने आपला आधी खाली घेतला.

आईने विचारलं, "पोर असं समजत होती? तिच्यामुळे झालं असं?" ती कुणाला विचारतेय ते तिलाही कळलं नसावं. "अगं, मला वाटलं तू विसरलीस. लहान होतीस म्हणून मी तुझ्यापुढे कधी नाव नाही काढलं." मग ती नवऱ्याकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

"हिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी ऐकलं मी. दाराबाहेरून."

"चौदा वर्षं?"

चेअरमननी होकारार्थी मान हलवली.

आई उठली. सहाव्या खुर्चीवरचा गठ्ठा तिने सरळ जमिनीवर लोटून दिला, ती खुर्ची लेकीजवळ ओढली आणि नवऱ्याकडे पाठ करून बसली. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात तिने चेअरमनना खूप टोमणे मारले होते, पाठ कधी केली नव्हती.

थोरली रडली नाही. ती हिशेब जुळत नसल्यासारखी कपाळाला आठ्या घालून बसली होती.

"मी सोमवारी ठरवलं होतं," ती म्हणाली.

"काय ठरवलंस?"

"हो म्हणायचं. बैठक रविवारी झाली. रात्रभर मला भीती वाटत होती. सकाळी शाळेत जायच्या आधी मी भोवऱ्याजवळ गेले. तो म्हणाला, ताई, मला बूट घाल. त्याला बूट घालायचे नव्हते, कुठं जायचंच नव्हतं त्याला, त्याला नुसतं वाटत होतं आपण तयार असावं. मी बूट घातले. आणि तेव्हाच ठरवलं, पुढच्या बैठकीत हात वर करायचा. मी मोजत होते, बाबा. अठ्ठावीस दिवस. कॅलेंडरवर पेन्सिलने बारीक टिंबं केली होती मी."

"मग मला सांगितलं का नाहीस गं?" चेअरमनचा आवाज फुटला. "त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"आले होते. बुधवारी तुम्ही कारखान्यातून आलात, मी दारातच म्हटलं, बाबा, ते भोवऱ्याचं..." तिने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "तुम्ही बोट वर केलंत. म्हणालात, बैठकीत."

चेअरमनना ते आठवेना. त्यांनी जिवाच्या आकांताने आठवून पाहिलं. बुधवार, दार, दप्तर असलेली पोरगी. काहीच नाही. त्यांनी तो शब्द इतक्या वेळा उच्चारला होता की त्यातली ही एक वेळ कुठे गेली ते त्यांना कळलं नव्हतं. पुढच्याच क्षणी ते हे सारं विसरले असतील, आणि ती दहा वर्षांची मुलगी टिंबं करत राहिली असेल.

"मला वाटलं नियम मोडला तर मत धरणार नाहीत," थोरली म्हणाली. "मला खरंच तसं वाटलं."

काका तोंडावर हात धरून उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. थोरलीने फाइल ओढली, हसऱ्या बाळाचं चित्र उलटून बाजूला केलं आणि खालचा दुसरा कागद काढला, हॉस्पिटलच्या पेढीचा. साधा, एका बाजूला छापलेला.

"पेन आहे?" तिने नवऱ्याला विचारलं.

"तू म्हणशील ते," तो म्हणाला आणि खिशातलं पेन काढून दिलं. नंतर हलक्या आवाजात म्हणाला, "माझ्या मनात हाच होता. तुला सांगवेना."

"मग बोलायचं होतंस," ती म्हणाली. तिने हे रागाने म्हटलं नाही, पण जावई ओशाळला.

आईला राहवेना. "अगं पण, देऊन टाकलंस आणि उद्या आपल्याच बाळाला लागलं तर?"

"लागलं तर मागू, आई. पेढीकडे मागू, डॉक्टरांकडे मागू, ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे मागू. त्याच दिवशी." ती रकाने भरत होती. "पेटीत कुलूप लावून ठेवलं की मी निर्धास्त होईन असं वाटत होतं मला. ते रक्ताचं नव्हतंच काही."

तिने सही केली, तारीख घातली. हात वर करायला तिने कुणाला सांगितलं नाही आणि कुणाकडे बघितलंही नाही. नवऱ्याने कागदाची घडी घालून फाइलमध्ये ठेवली, मग फाइल नको म्हणून पुन्हा काढून खिशात ठेवली.

चेअरमन उठले. टेबलाला वळसा घालून तिच्या खुर्चीजवळ आले. बायको सरकली नाही, तेव्हा ते तिच्यामागेच उभे राहिले, मीटिंगला उशिरा आलेल्या माणसासारखे.

"माझं चुकलं, पोरी," ते म्हणाले. "तेव्हाही चुकलं आणि नंतर रोज चुकत गेलं."

हे ऐकून ती 'जाऊ द्या बाबा' म्हणेल, असं त्यांना वाटलं होतं. चौदा वर्षं त्यांनी जेव्हा जेव्हा हे वाक्य मनात बोलून पाहिलं होतं, तेव्हा तेव्हा ती तसंच म्हणायची, आणि मग ते तिच्या डोक्यावर हात ठेवायचे.

"हो," थोरली म्हणाली. "चुकलं."

मग तिने पोटावर हात ठेवला, उठायला आधारासाठी आईचा खांदा धरला, आणि नवऱ्याला म्हणाली, चल, दुपारची गिऱ्हाइकं यायला लागतील.